इंगोले मॅडमचं पडणं

इंगोले मॅडम बोलता बोलता पडत. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना हे खरं वाटणार नाही, पण त्यांची ओळख करून द्यायची तर सुरुवात इथूनच करावी लागते. त्या कॉरिडॉरमधून तुमच्या शेजारून चालत असायच्या, मेसचं वरण आज कसं होतं असं काहीतरी विचारत असायच्या, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचे गुडघे मुडपायचे. पन्नाशीतलं, भरलेलं ते शरीर सगळ्या वजनानिशी तुमच्या अंगावर यायचं. धरलं तर ठीक. नाही धरलं तर त्या खरोखर फरशीवर जात, आणि तिथूनच तुमच्या तोंडाकडे बघत राहत.

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. अमरावतीच्या फिजिओथेरपी कॉलेजातली चार वर्षं संपवून मी इंटर्नशिपसाठी अकोल्याच्या पुनर्वसन केंद्रात आले होते. खांद्याला बॅग, नाकावर चष्मा, छातीशी शरीररचनेचं जाडजूड पुस्तक. दारात एक ठेंगण्या, सावळ्या बाई उभ्या होत्या. पांढरा ॲप्रन, घट्ट अंबाडा, जाड काचांचा चष्मा.

"चांदूर रेल्वेची ना वं तू?"

हो, तेच माझं गाव, असं मी म्हणाले.

"गाडी टायमावर होती?" असं विचारत त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, आणि मी उत्तर द्यायच्या आत त्या माझ्यावर कोसळल्या. आम्ही दोघीही खाली गेलो. माझ्या तोंडातून किंकाळी निघाली. मॅडम मात्र फरशीवर निवांत आडव्या होत्या.

"पेशंट मेला," त्या म्हणाल्या. "आता मले एक सांग. पुस्तक काहून नाई सोडलं?"

पुस्तक खरंच माझ्या हातात होतं. दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. त्या दिवसापासून केंद्रात माझं नाव 'लायब्ररी' पडलं.

मला माणसांना हात लावायची भीती वाटायची. मग हा अभ्यासक्रम का घेतला, असं कुणीही विचारेल. बारावीचे गुण, घरच्यांचा सल्ला आणि शरीराविषयीची पुस्तकं वाचायची आवड, एवढ्यावर तो घेतला होता. कॉलेजच्या दवाखान्यात आमचा बराचसा वेळ यंत्रांपाशी जाई. गुडघेदुखीच्या आजींना पॅड लावायचे, बटण दाबायचं, वेळ संपली की पॅड काढायचे. त्या चार वर्षांत आपलं वजन पेलू न शकणारा एकही माणूस माझ्या हातात आला नव्हता. अर्धांगवायू झालेला माणूस उभा राहताना कुठल्या बाजूला कलतो हे मी पाठ म्हणून दाखवू शकत होते. तो कललाच, तर काय करायचं हे मात्र माझ्या हातांना माहीत नव्हतं.

माझ्या मैत्रिणींनी इंटर्नशिपसाठी नागपूर निवडलं, पुणं निवडलं. अकोल्याच्या मॅडमबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं होतं. "ती बाई अंगावर पडते," असं सांगून मला पुष्कळांनी परावृत्त करून पाहिलं. तरी मी गेले, कारण इंटर्नशिप संपल्यावर आमच्यातल्या बहुतेकांपुढे अंधार असतो. जिथे जावं तिथे अनुभव विचारतात, आणि अनुभव द्यायला मात्र कुणी तयार नसतं. अकोल्याच्या केंद्रात दरवर्षी एकाला निवासी थेरपिस्ट म्हणून ठेवून घेत. तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, थोडंसं विद्यावेतन, आणि वर्षभर मॅडमच्या हाताखाली खऱ्या पेशंटांबरोबर काम. ती जागा कोणाला द्यायची हे मॅडम ठरवत.

आमच्या तुकडीत वसीम होता. अकोल्याचाच, वडिलांचं गाद्या-रजयांचं दुकान. तो मराठी आणि हिंदी एकाच श्वासात बोलायचा आणि कशालाच घाबरत नाही असं दाखवायचा. मॅडम पडायच्या आधी चष्मा काढतात, हे पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं. "चष्मा खिशात गया, समजो मॅडम बी गयी," त्याने आम्हाला मेसमध्ये गुपचूप सांगितलं. चष्मा फुटू नये एवढीच त्यांची काळजी होती, पण आमच्यासाठी ती खूण झाली. तेव्हापासून आमचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावरून हलेनात. एकदा चहाच्या वाफेने धुरकटलेल्या काचा पुसायला त्यांनी चष्मा काढला, तर आम्ही चौघं एकदम पुढे झेपावलो. वसीमच्या धक्क्याने चहा सांडला. मॅडमनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. मग म्हणाल्या, "मले लग्नातल्या नवरीवानी काहून घेरून राहिले रे?"

त्यांचा एक नियम होता, आणि तो त्या रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. "पेशंटले सांगून हात लावायचा. उचलाच्या पहिले सांगायचं, वळवाच्या पहिले सांगायचं. तुमाले मात्र कोनी सांगून पडनार नाई."

या नियमाला अपवाद नव्हता. डोक्याला मार लागून बेशुद्ध असलेला एक तरुण आमच्याकडे होता. जखमा होऊ नयेत म्हणून त्याला दर थोड्या वेळाने कुशीवर वळवावं लागे. एका सकाळी मी त्याच्या खांद्याखाली हात घातला तोच मागून आवाज आला.

"त्याले सांगितलं?"

"मॅडम, त्यांना ऐकू येत नाही."

"हे तुले कोनं सांगितलं? तू आतमंदी जाऊन पाहून आली?"

मी हात काढून घेतला. मग त्या बेशुद्ध माणसाच्या कानाशी वाकून म्हणाले, "दादा, तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतेय." वसीम दाराशी उभा होता, पण हसला नाही. मॅडमच्या समोर त्या गोष्टीला कुणी हसत नसे.

हे सगळं कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. दुपारचे पेशंट संपले होते, बाहेर ऊन तापलेलं होतं, आम्ही पंख्याखाली बसून डबे उघडले होते. "मी तुमच्याएवढी होती तवा माह्या हातातून एक बाई पडली," त्या एकाएकी म्हणाल्या. "बाथरूमच्या दारात. थे म्हने, पोरी, आता मी नाई पडत, सोड मले. मी सोडलं."

"मग?" वसीमने विचारलं.

"मंग काय. थे पुन्हा उभी नाई राहिली." भाकरीचा तुकडा त्यांनी परत डब्यात ठेवला. "मले अजून भेव वाटते. सकाळी पहिल्या पेशंटले धरतो ना, तवा हात थंडे पडते माहे. तुमाले काय वाटलं, तुमालेच भेव वाटते? भेव जात नाई. फकस्त थे हातात उतरू द्यायचं नाई."

मला तोपर्यंत वाटत होतं की भीती ही शिकाऊ माणसाची गोष्ट आहे, वर्षं गेली की ती संपते. त्या दुपारी ती आशा गेली. पण का कोण जाणे, त्यानंतर माझे हात थोडे स्थिर झाले.

दिवाळीनंतर मॅडमचं पडणं वाढलं.

त्यातलं पहिलं माझ्यासमोर झालं. आम्ही व्यायामाच्या हॉलकडे चाललो होतो आणि त्या मला कालच्या पेशंटचं काहीतरी सांगत होत्या. चष्मा नाकावर होता. मी निर्धास्त होते. आणि त्या एकदम पुढच्या पुढे गेल्या. नेहमीसारखे गुडघे आधी मुडपले नाहीत. मी कशीबशी त्यांच्या काखेत हात घातला, तरी कपाळ भिंतीला लागलं आणि चष्म्याची एक काच तडकली. क्षणभर त्या माझ्या दंडाला धरून नुसत्या श्वास घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "शाबास, लायब्ररी."

मेसमध्ये मी हे सांगितलं तेव्हा वसीमने कपाळावर हात मारला. "पकडी गयी आपली चोरी! मॅडमले चष्म्याचं समजलं. आता चष्म्यासगट पडनार त्या. अब क्या देखेंगे बापा?"

सगळ्यांना ते पटलं. मलाही. दुसऱ्या कुठल्या ठिकाणी पन्नाशीतली बाई चालता चालता पडली असती तर लोक धावले असते, पाणी आणलं असतं, डॉक्टरकडे नेलं असतं. आमच्याकडे कोणी नीट धरलं आणि कोणी नाही याची चर्चा होत असे. मॅडम हॉलमध्ये पडल्या, जिन्याजवळ पडल्या, एकदा औषधांच्या कपाटापाशी पडल्या. दर वेळी आमच्यातला कुणीतरी अभिमानाने सांगे, आज मी धरलं.

मला शंका आली ती त्यांच्या चपलांमुळे. व्यायामाच्या हॉलबाहेर आम्ही सगळे चपला काढून ठेवायचो. मॅडमच्या तपकिरी चपलांपैकी उजवी नव्यासारखी होती. डावीचा पुढचा भाग घासून पातळ झाला होता, अंगठ्याखालचं रबर तर जवळजवळ गेलंच होतं. पाय उचलताना चवडा वर येत नसला की असं होतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या दिवसापासून मी मॅडमना चालताना ऐकू लागले. एक पाऊल, मग एक हलकीशी फरफट.

मग मी त्यांचा हात पाहिला. पेशंटच्या खांद्यावर ठेवलेला डावा हात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग आत गेला होता, तिथे खळगा पडला होता. माझ्या जाडजूड पुस्तकात त्या खळग्याचं चित्र आहे. मी खोलीवर जाऊन ते पान उघडलं आणि पुढचं सगळं वाचलं. स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी हात किंवा पाय, मग बोलणं, मग गिळणं, मग श्वास. कळत सगळं असतं, शेवटपर्यंत. मी पुस्तक मिटलं. हे दुसरंच काहीतरी असेल, मणक्याची शीर दबली असेल, अशी मनाची समजूत घालत राहिले. मला त्या रात्री आणि नंतरच्या पुष्कळ रात्री झोप आली नाही.

कुणाला सांगावं? वसीमला सांगितलं तर तो म्हणाला, "तू जादा पढती है. मॅडम को कुछ नही हुआ." पण हे म्हणताना तो हसत नव्हता. मॅडमना विचारावं तर ज्या बाईच्या एका शब्दावर माझी पुढची जागा अवलंबून होती तिला मी, एक इंटर्न, सांगणार की तुम्ही नाटक करत नाही, तुम्ही खरंच पडता? आणि माझं चुकलं असलं तर? आणि, याची मला जास्त भीती होती, बरोबर असलं तर?

खरी भीती तर वेगळीच होती. रोज सकाळी दहाच्या सुमारास मॅडम ढोले काकांना चालवत. ढोले काका अंजनगाव सुर्जीचे. पानमळा, मोठं कुटुंब, आणि मोठा देह. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली होती. आल्या दिवशी ते पलंगावर बसूही शकत नव्हते. आता दोन समांतर दांड्यांच्या मधून, उजव्या हाताने आधार घेत चालत होते. मॅडमनी त्यांना दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नव्हतं. त्या त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या राहत, काकांच्या कमरेला बांधलेला पट्टा मुठीत धरत आणि म्हणत, "काका, आता डावा. घाई काय हाय? गाडी निघून नाई जात." ज्या मुठीत तो पट्टा असे, तिच्या अंगठ्याजवळ तो खळगा होता. पडताना आधाराला धरावं तर त्या धरणार कोणाला? काकांनाच. आणि काका खाली गेले, तर त्यांचं ते थोडंसं सावरलेलं आयुष्य पुन्हा पलंगावर जाईल. बाथरूमच्या दारातली ती बाई मला आठवायची. मॅडमना ती आठवत नसेल असं कसं म्हणावं? पण त्या पट्टा सोडत नव्हत्या.

मी त्यांच्या मागे राहायला लागले. काकांच्या मागून चाकांची खुर्ची ढकलत न्यायचं काम कुणालाच आवडत नसे. मी ते मागून घेतलं.

"सावलीवानी काहून मांगं मांगं येऊन राहिली वं?" मॅडमनी एकदा विचारलं.

"शिकतेय, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग काकांकडे वळल्या.

काका दांड्या सोडून पहिल्यांदा मोकळ्यावर चालणार होते तो दिवस मला अजून दिसतो. हॉलमधले बाकीचे पेशंट व्यायाम थांबवून बघत होते. काकांची सून दाराशी उभी राहून डोळे पुसत होती. दांड्यांपासून खिडकीपर्यंत जायचं होतं. काकांनी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. मला मात्र मॅडमचं पाऊल ऐकू येत होतं, ती फरफट. खिडकी जवळ आली आणि त्यांच्या डाव्या पायाची बोटं चटईच्या काठात अडकली.

त्या जायला लागल्या तेव्हा मी त्यांच्या मुठीकडे पाहत होते. ती मूठ उघडली. त्यांनी पट्टा सोडून दिला. आधाराला धरायला त्यांच्याजवळ काकांखेरीज काहीही नव्हतं, आणि त्यांनी काकांना सोडलं. काका डावीकडे कलले. माझा एक हात पट्ट्यात गेला, दुसऱ्याने मी खुर्ची ओढली, आणि गुडघा त्यांच्या मांडीला लावून त्यांना खुर्चीत बसवलं. "काका, बसवतेय," असं मी म्हणाले, हे मला नंतर लोकांनी सांगितलं. त्याच वेळी पलीकडे मॅडम पडल्याचा आवाज झाला.

आणि हॉलमध्ये टाळ्या वाजल्या.

सगळ्यांना वाटलं, ही परीक्षा होती. आजवरची सगळ्यात मोठी. कोणीतरी "वाह मॅडम!" म्हणालं. काका छातीवर हात ठेवून धापा टाकत होते, पण हसत होते. "जीव गेला असता ना माहा! पोट्ट्याईची परीक्षा घ्या ना, मले काहून बसवता पेपरले?" त्यावर पुन्हा हशा पिकला.

मॅडम कुशीवर पडल्या होत्या. चष्मा दूर जाऊन पडला होता. त्यांनी मला हाक मारली, आणि लायब्ररी म्हणाल्या नाहीत.

"मीनल," त्या हळू म्हणाल्या, "मले उठता येऊन नाई राहिलं."

मी त्यांच्याजवळ बसले. वसीम लांबून बघत होता; त्याच्या तोंडावरचं हसू तिथल्या तिथे विझलं. मी त्यांच्या पाठीखाली हात घालायला गेले तर त्यांनी डोळ्यांनी थांबवलं.

"सांगून."

"मॅडम," मी म्हणाले, "तुमचा उजवा हात माझ्या खांद्यावर घेतेय. आता पाठीखाली हात घालतेय. आता उठवतेय."

हॉलमधल्या टाळ्या कधी थांबल्या ते मला कळलं नाही.

कुबड्या आणि वाळूच्या पिशव्या ठेवायच्या लहान खोलीत मी त्यांना बसवलं. चपलेबद्दल आणि हाताबद्दल मी जे पाहिलं होतं ते सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"पुस्तकातलं पान सापडलं म्हंजे तुले," त्या म्हणाल्या. "मले ठाऊक हाय. नागपूरले जाऊन आली मी. तपासण्या झाल्या."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"काहून सांगू? दुसरीकडे पडली असती तर लोकाईनं दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. अठी पडली तर तुमी टाळ्या वाजवता." त्या हसल्या, पण हसणं लगेच मावळलं. "वाटलं, तुमची तुकडी होईलपर्यंत निभन. काका खिडकीपर्यंत जाईलपर्यंत निभन. रोज वाटे, आजचा एक दिवस." मग त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "मले लय भेव वाटून राहिलं, मीनल."

त्यानंतर त्यांनी एकाही पेशंटला हात लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून दाराजवळ खुर्ची टाकून बसल्या आणि तिथून ओरडत राहिल्या. काकांचा पट्टा माझ्या हातात आला. ज्या दिवशी काका खिडकीपर्यंत पोचले, बाहेर बघून म्हणाले, "एवढ्यासाठी आनलं काय बापा? अठी तं सायकल स्टँड हाय," त्या दिवशी मॅडमनी मला बोलावून निवासी थेरपिस्टची जागा दिली.

"उपकार नाई करून राहिली," त्या म्हणाल्या. "तू त्या दिवशी काकाले धरलं. मले नाई धरलं. म्हनून देली."

 

उन्हाळ्यात त्या अमरावतीला आपल्या भावाकडे राहायला गेल्या. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. भाऊ आणि वहिनी यांनी त्यांना समोरची हवेशीर खोली दिली. मी रविवारी अकोल्याहून गाडीने बडनेऱ्याला उतरे, तिथून ऑटोने त्यांच्या घरी जाई. सांधे आखडू नयेत म्हणून हातापायांचे व्यायाम करवून घेई, छातीतला कफ सुटावा म्हणून पाठीवर थापट्या मारी. बरं होण्यासाठी नव्हतं ते काही. आम्हा दोघींना ते माहीत होतं. गाडीत दर वेळी माझ्या मनात एकच धाकधूक असे, आज काय गेलेलं असेल? एका रविवारी पेला धरणं गेलं होतं. एका रविवारी मान.

सुरुवातीला त्या वहिनींच्या आधाराने चार पावलं चालत. आता त्या सांगून पडत. "पडतो वं, मीनल," असं म्हणत, आणि मी धरत असे. इतकी वर्षं न सांगता पडलेल्या बाईने असं आधी सांगावं, याचीच मला जास्त धास्ती वाटायची.

बोलणं जड व्हायला लागलं त्या दिवसांत त्यांनी एकदा विचारलं, "नवे पोट्टे आले ना? पडते की नाई त्याईच्यावर?"

"नाही मॅडम. मला भीती वाटते. कुणी धरलं नाही तर?"

त्या हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, वहिनी धावत आल्या, मी त्यांना पुढे वाकवून बसवलं. श्वास सापडल्यावर एकेक शब्द तोडत त्या म्हणाल्या, "म्हनून... तं... पडायचं... असते."

पुढच्या आठवड्यात धामणगाव रेल्वेहून आलेली एक नवी इंटर्न कॉरिडॉरमध्ये माझ्या शेजारून चालत होती. मी तिला जेवणाचं विचारलं, चष्मा काढून खिशात ठेवला, आणि डोळे मिटून गुडघे सोडून दिले. ती एक क्षणाची भीती मी शब्दांत सांगू शकत नाही. मग दोन बारीक हातांनी मला काखेत धरलं. आम्ही भिंतीला धडकलो, पण खाली गेलो नाही. "मॅडम, काय झालं? बरं वाटत नाही का?" ती रडवेली होऊन विचारत होती. रविवारी मी हे मॅडमना सांगितलं. तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी पापण्या मिटल्या आणि उघडल्या. ते त्यांचं शाबास होतं.

पहिल्या थंडीत एका पहाटे भाऊंचा फोन आला. मी आणि वसीम अकोल्याहून निघून पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. वसीम आता त्याच्या स्वतःच्या लहानशा दवाखान्यात बसतो.  खोलीत मॅडम पलंगावर होत्या, अंगावर निळी साडी, केस नीट विंचरलेले. त्यांना पलंगावरून उचलून खाली घ्यायचं होतं. भाऊ पायांशी उभे राहिले, त्यांचा मुलगा कमरेशी. कुणीतरी नुसते हात धरून ओढायला लागलं तेव्हा मी पुढे झाले. मानेखाली हात घालायला वाकले, आणि तिथेच थांबले.

चष्मा काढून ठेवलेला होता. उशाशी, स्टुलावर, दांड्या मिटून.

मी वसीमकडे पाहिलं. त्यानेही तेच पाहिलं होतं. तो नकळत अर्धं पाऊल पुढे आला होता, दोन्ही हात थोडे पसरून, गुडघे वाकवून. कॉरिडॉरमध्ये आम्ही जसे उभे राहायचो तसा. माझेही दंड ताठले होते. काळजात तीच जुनी धडकी भरली, आणि त्या धडकीत क्षणभर एक वेडी आशा होती.

मॅडम हलल्या नाहीत.

"उचला ना, काय पाहून राहिले?" मागून कुणीतरी म्हणालं.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "मॅडम," मी म्हणाले, "मानेखाली हात घालतेय."

"आता कोनाले सांगून राहिली वं पोरी?" एक म्हातारी बाई कळवळून म्हणाली. वसीमने तिच्याकडे वळून हळूच मान हलवली, तशी ती मागे सरली. मग त्याने मॅडमच्या पाठीखाली हात घातले.

"मॅडम, आता उचलतोय," तो म्हणाला.

त्यांचं डोकं माझ्या मनगटावर आलं. हात थंड पडले होते, माझे. पण हलले नाहीत.